बाण कुठून निघतो?

एफ.वाय.ला आलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनियर केमिस्ट्रीची वाटणी करून देतो. फिजिकल म्हणजे गणितं, इनऑरगॅनिक म्हणजे तक्ते आणि ऑरगॅनिक म्हणजे पाठांतर. मी शिकत होते तेव्हाही ही वाटणी होती आणि आज तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात शिकवते तेव्हाही आहे. अभ्यासक्रम बदलले, वार्षिक परीक्षा जाऊन सेमिस्टर आली, आता नव्या शैक्षणिक धोरणाने क्रेडिटची गणितं मांडून ठेवली आहेत. वाटणी मात्र तीच. तिच्यातल्या पहिल्या दोन भागांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तिसऱ्याशी माझं जुनं भांडण आहे, आणि वय वाढतंय तसं मला वाटू लागलंय की या भांडणात मुलांपेक्षा आम्ही शिकवणारेच जास्त दोषी आहोत.

मुलं येतात ती नीट आणि सीईटीच्या तालमीतून. चार पर्यायांतला एक हेरण्यात पटाईत. त्यातली काही उघड सांगतात, "मॅडम, बाजूने रिपीट करतोय, नाहीच लागलं तर बी.एस्सी." त्यामुळे पहिल्या सत्रातला मोल, मोलॅरिटी, पीएच, बफर हा भाग त्यांना अंगवळणी पडलेला असतो. गणित सोडवलं, उत्तर पुस्तकाशी जुळलं, खाली रेघ मारली. फार तर मी सांगते की २०१९ पासून ॲव्होगॅड्रोचा अंक मोजायचा राहिला नाही, तो ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात असा व्याख्येनेच पक्का करून टाकलाय. मुलं मान डोलावतात, "परीक्षेला ६.०२२ चालेल ना?" विचारतात. चालेल म्हणते. इथवर सगळं सुरळीत असतं.

मग ऑरगॅनिक सुरू होतं आणि आकडे गायब होतात. फळ्यावर षटकोन, रेघा, अधूनमधून अधिक-उणे. वहीत अल्केन, अल्कीन, अल्काइन, हॅलाइड, अल्कोहोल, फिनॉल, इथर, अल्डिहाइड, कीटोन, आम्लं, अमाइन अशी वरात निघते. प्रत्येक धड्यात बनवायच्या पद्धती, भौतिक गुणधर्म, रासायनिक गुणधर्म, उपयोग. पेपरात 'व्हॉट हॅपन्स व्हेन', 'कन्व्हर्ट द फॉलोइंग', 'शॉर्ट नोट ऑन'. डाव्या बाजूला एक पदार्थ, बाणावर अभिकारक, उजव्या बाजूला दुसरा पदार्थ. अशा शे-दीडशे ओळी. हुशार मुलगी त्यांचा एक मोठा तक्ता करते, पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवते आणि खरंच पाठ करते. तिला चांगले मार्कही पडतात. मग सीनियरचं म्हणणं खोटं कसं म्हणायचं?

ही वरात आली कुठून, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे. १८२८ मध्ये व्होलरने अमोनियम सायनेट तापवून युरिया मिळवला. ही गोष्ट प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट चार वर्षांनी घडली, ती मात्र क्वचितच सांगतात. १८३२ मध्ये व्होलर आणि लीबिग कडू बदामाच्या तेलावर काम करत होते. त्या तेलापासून त्यांनी एकामागून एक पदार्थ बनवले आणि पाहिलं, की अणूंचा एक गट या सगळ्या घडामोडींत जसाच्या तसा टिकून राहतोय. त्याला त्यांनी बेंझॉइल म्हटलं. गटांनुसार संयुगं लावण्याची सवय इथून जडली. माणसं प्रचंड हुशार होती, पण त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन नव्हता. तो सापडला १८९७ मध्ये. म्हणजे जवळजवळ पाऊण शतक ऑरगॅनिकवाले काय होतं ते बिनचूक नोंदवत होते आणि का होतं यावर अंदाज बांधत होते. आमचे धडे म्हणजे त्या नोंदींची नीट लावलेली कपाटं आहेत. ज्यांना कारण माहीत नव्हतं त्यांच्या क्रमाने आम्ही शिकवतो, आणि मुलं कारण न विचारता पाठ करतात म्हणून त्यांच्यावर डाफरतो.

त्या काळातला एक किस्सा मी दर वर्षी सांगते. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ नावाच्या विशीतल्या पोराने लिहिलं की कार्बनचे चार हात एका प्रतलात नसतात, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे असतात. ले बेलने त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच सांगितलं. व्हान्ट हॉफ पुढे उट्रेख्तच्या पशुवैद्यकीय शाळेत नोकरीला लागला. हेरमान कोल्बे तेव्हाचा बडा रसायनशास्त्रज्ञ आणि एका नियतकालिकाचा संपादक. त्याने १८७७ मध्ये या पोराची यथेच्छ टिंगल केली. पशुवैद्यकीय शाळेतला हा माणूस, तिथलाच पंखांचा घोडा घेऊन कल्पनेच्या आकाशात उडायला निघालाय, असा एकूण सूर होता. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये त्याच व्हान्ट हॉफला मिळालं. कोल्बे तोवर वारला होता. आमच्या मुलांच्या वहीत मात्र दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. एका पानावर चतुष्फलकी कार्बन, चार पानं पुढे फिनॉलपासून सॅलिसिलिक आम्ल बनवायची कोल्बेची अभिक्रिया, आणि दोन्ही सारख्याच तन्मयतेने पाठ केलेल्या.

आता बाण. दोन पदार्थांमधला सरळ बाण नव्हे, रेणूच्या आत फिरणारा, शेपटीपासून टोकापर्यंत वाकलेला बाण. लुईसने १९१६ मध्ये बंध म्हणजे इलेक्ट्रॉनची सामाईक जोडी असं मांडल्यावर, ती जोडी अभिक्रियेत इकडून तिकडे कशी जाते हे कागदावर दाखवायची सोय झाली. असे वाकडे बाण पहिल्यांदा दिसतात ते १९२२ मध्ये, केर्मॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या शोधनिबंधात. त्यातल्या केर्मॅकची पुढची कहाणी विलक्षण आहे. १९२४ मध्ये प्रयोगशाळेत दाहक अल्कलीचा स्फोट होऊन त्याची दृष्टी कायमची गेली. (गॉगल घालायचा कंटाळा करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.) त्यानंतर तो गणिताकडे वळला आणि १९२७ मध्ये मॅकेंड्रिकबरोबर त्याने साथ कशी चढते आणि कशी ओसरते याची समीकरणं मांडली. कोविडच्या काळात ज्यांची नावं पुन्हा वर आली ती हीच समीकरणं. ती त्यांनी ताडून पाहिली ती मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांवर.

रॉबिन्सनचा धागा तर थेट आपल्याकडे येतो. मँचेस्टरला त्याच्या हाताखाली शिकलेले के. व्यंकटरमण १९३८ मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे. त्यांच्या नावाची अभिक्रिया, बेकर-व्यंकटरमण पुनर्रचना, एम.एस्सी.ची मुलं आजही लिहितात. बाण काढायला शिकलेला माणूस इतक्या लवकर आपल्या दारात आला होता. त्याचे बाण तालुक्यातल्या फळ्यापर्यंत पोचायला का वेळ लागावा, हे मला कळत नाही. म्हणजे खरं तर कळतं. बाण तपासायला वेळ लागतो. उजव्या बाजूचं उत्पादन बरोबर की चूक हे तीन सेकंदांत दिसतं, आणि पेपर तपासणीच्या कॅपसेंटरवर गठ्ठे संपवायचे असतात.

बाणाचं म्हणणं साधं आहे. जिथे इलेक्ट्रॉन आहेत तिथून निघायचं, जिथे कमी आहेत तिथे जायचं. तरी पहिल्या महिन्यात वर्गातल्या बहुतेकांचा बाण उलटा असतो. प्रोपीनवर, म्हणजे एका टोकाला दुहेरी बंध असलेल्या तीन कार्बनच्या साखळीवर, हायड्रोजन ब्रोमाइड टाकायला सांगितलं की मुलगा फळ्याशी येतो, हायड्रोजनवरच्या अधिक चिन्हापासून बाण काढतो आणि दुहेरी बंधावर नेऊन आपटतो. त्याच्या डोक्यात हल्ला करणारा तो अधिकवाला. मी विचारते, "त्याच्याकडे द्यायला आहे काय?" तो बघत राहतो. हायड्रोजनवर एकही इलेक्ट्रॉन नाही, मग तिथून निघणारा बाण कशाचा? कधी कधी मागच्या बाकावरून कुणीतरी "अरे, घेणारा तो!" ओरडतं. बाण पुसला जातो, दुहेरी बंधापासून नवा निघतो.

याच अभिक्रियेवर मी जरा जास्तच रेंगाळते, आमचे सहकारी म्हणतात त्यापेक्षाही जास्त. १८७० च्या सुमाराचा मार्कोव्हनिकोव्हचा नियम मुलांना बारावीपासून येतो. ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन आहेत त्यालाच नवा हायड्रोजन मिळतो. क्लासमध्ये हे पंगतीतल्या वाढप्यासारखं शिकवतात, ज्याचं ताट भरलेलं त्यालाच आणखी वाढ. लक्षात राहतं, उत्तरही बरोबर येतं. मग दोन ओळी खाली खराशचा पेरॉक्साइड परिणाम येतो. तेच प्रोपीन, तोच हायड्रोजन ब्रोमाइड, फक्त चिमूटभर पेरॉक्साइड, आणि उत्पादन उलटं. वाढप्याचं काय झालं? मुलं त्यावर 'अपवाद' असा शिक्का मारतात आणि तेही पाठ करतात. फक्त हायड्रोजन ब्रोमाइडलाच लागू, क्लोराइडला नाही, आयोडाइडला नाही, हेही पाठ.

बाण काढून पाहिलं की अपवाद उरतच नाही. साध्या अभिक्रियेत दुहेरी बंधाला आधी भेटतो हायड्रोजन. तो टोकाच्या कार्बनवर बसतो, कारण तसं केलं की धनभार मधल्या कार्बनवर येतो आणि तिथे तो जास्त सुखात असतो. ब्रोमाइड मग मधल्यावर येतो. पेरॉक्साइड असलं की आधी येतो ब्रोमीनचा एकटा अणू. तोही टोकाच्याच कार्बनवर बसतो, त्याच कारणासाठी, कारण विजोड इलेक्ट्रॉनसुद्धा मधल्या कार्बनवर जास्त सुखात असतो. हायड्रोजन मागाहून मधल्यावर येतो. दोन्हीकडे कायदा एकच, पहिला येणारा टोकाला बसतो. बदललं ते कोण पहिला आला एवढंच. क्लोराइडच्या आणि आयोडाइडच्या बाबतीत या साखळीतली एक ना एक पायरी ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते, म्हणून ती चालत नाही. क्लोराइडची दुसरी पायरी, आयोडाइडची पहिली. शिकागोत खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये हा घोळ सोडवला तोपर्यंत वेगवेगळ्या प्रयोगशाळा वेगवेगळी उत्तरं छापत होत्या. गुन्हेगार निघाली ती जुनी बाटली. हवेतला ऑक्सिजन लागून तिच्यातल्या द्रवात आपोआप पेरॉक्साइड तयार झालं होतं. उत्पादन पाठ असणाऱ्यांना ही बाटली कधीच सापडली नसती.

इतकं सगळं बोलल्यावर वाटेल की एकोणिसावं शतक अभ्यासक्रमातून हाकलून द्यावं असं माझं मत आहे. वर्गातून, होय. अलीकडच्या काही इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी गटवार वरात मोडून अभिक्रियेच्या रीतीनुसार मांडणी केली आहे आणि ती आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. प्रयोगशाळेबद्दल मात्र माझं मत नेमकं उलटं आहे, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये माझी चेष्टाही होते.

आमच्याकडे अजून मिश्रणं देतात. एका पुडीत दोन पांढरे पदार्थ, वर फक्त नंबर. वेगळे करा आणि ओळखा. तरुण सहकारी म्हणतात, हे आता जगात कुणी करत नाही, यंत्रावर आयआर आणि एनएमआर वर्णपट काढले की काम संपलं. बरोबर आहे. तरी दोन पांढऱ्या भुकट्यांपुढे उभं राहून "आता काय?" म्हणणं मला मोलाचं वाटतं. पुडीत समजा बेंझॉइक आम्ल आणि बीटा-नॅफ्थॉल आहे. बेंझॉइक आम्ल १२२ अंशांना वितळतं आणि बीटा-नॅफ्थॉलही जवळपास तिथेच. नुसत्या थर्मामीटरवर विसंबलात तर फसलात. खाण्याच्या सोड्याचं द्रावण घातलं की फसफस होते आणि एक भुकटी विरघळते, दुसरी तळाशी तशीच राहते. गाळून घ्यायचं आणि गाळलेल्या स्वच्छ पाण्यात थेंबथेंब हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. क्षणभर काहीच होत नाही. मग पाणी एकदम दुधाळ होतं आणि हरवलेलं आम्ल पांढऱ्या साक्यात परत येतं. पहिल्यांदा पाहणारं मूल हमखास शेजारच्याला कोपर मारतं.

इथेच मी पहिल्या सत्रातली गणितं बाहेर काढते. पीकेए जितका कमी तितकं आम्ल जोरदार. बेंझॉइक आम्लाचा पीकेए ४.२, सोड्यातून तयार होणाऱ्या कार्बोनिक आम्लाचा ६.४, बीटा-नॅफ्थॉलचा साधारण ९.५. म्हणून सोडा पहिल्याचा प्रोटॉन काढू शकतो, दुसऱ्याचा नाही. दुसऱ्याला कॉस्टिक सोडाच लागतो. लॉगरिदमच्या तक्त्यातून काढलेला आकडा परीक्षानळीत फसफसताना दिसतो. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा, त्यामागेही अल्कलीने प्रोटॉन काढणं आणि आम्लाने तो परत देणं हाच व्यवहार आहे. हे सांगितल्यावर एका मुलीने घरी जाऊन आईचं पातळ बिघडवलं होतं म्हणे.

वितळणबिंदूचीही एक गंमत. केशनळीचं एक टोक ज्योतीत फिरवून बंद करायचं, चूर्ण ठोकून ठोकून तळाशी बसवायचं, थर्मामीटरला बांधून थीलेच्या नळीत, लिक्विड पॅराफिनमध्ये सोडायचं आणि हळूहळू तापवत टक लावून बसायचं. आधी चूर्ण आक्रसतं, मग घाम फुटल्यासारखं ओलं होतं, मग एकदम पारदर्शक. खऱ्या बसलेल्या मुलाच्या जर्नलमध्ये '११९ ते १२१' असं काहीतरी येतं, कारण त्याचा पदार्थ पूर्ण कोरडा नव्हता किंवा घाईने तापवला होता. ज्याच्या जर्नलमध्ये नेमकं १२२ असतं त्याला मी हाक मारते. आमचे लॅबचे मामा माझ्याही आधी ओळखतात. "मॅडम, त्या चौघांनी बर्नरच पेटवला नव्हता," असं ते येऊन हळूच सांगतात. मामांची केमिस्ट्री दहावीपर्यंतची, पण वासावरून त्यांनी ओळखलेल्या संयुगांवर मी आजवर पैज लावलेली नाही.

त्रिमितीचा भाग तर हातानेच शिकावा लागतो. पाश्चरने १८४८ मध्ये भिंग आणि चिमटा घेऊन टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक एकेक करून वेचले. आपल्या चिंचेतलंच हे आम्ल. ते स्फटिक असे वेगवेगळे वाढतात ते साधारण २७ अंशांच्या खालीच. पाश्चर मे महिन्यात नागपुरात असता तर बिचाऱ्याला एकाच जातीचे स्फटिक मिळाले असते. हे सांगितल्यावर मुलं हसतात. मग मी प्रत्येकाला चार रंगांच्या मातीच्या गोळ्या आणि टूथपिक देते आणि एकमेकांचं प्रतिबिंब बनवायला लावते. ती दोन मॉडेल एकमेकांवर बसवायचा वर्गातला गोंधळ शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू जातो. पुदिन्यातला कार्व्होन आणि कॅरवेच्या दाण्यांतला कार्व्होन हे असेच एकमेकांचे प्रतिबिंब आहेत, आणि त्यांचा वास वेगळा येतो. डावं-उजवं नाकाला कळतं ते वहीतल्या ठळक आणि तुटक रेघांना कळवायला आम्हाला एक महिना लागतो.

यंदा मी जरा धाडस केलं. अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न घातला, वर्गात कधीच न केलेल्या अभिक्रियेचा. एपॉक्साइड, म्हणजे दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं तीन कोनांचं छोटं कडं, आणि शेजारी अमोनिया. 'उत्पादन लिहू नका. फक्त पहिला बाण काढा.' दोन मार्क. बऱ्याच जणांनी बाण सोडून उत्पादन लिहिलं, त्यातली काही उत्पादनं जगात अस्तित्वात नाहीत. काहींनी जागा कोरी सोडली. काहींचा बाण मात्र नायट्रोजनच्या एकट्या जोडीवरून अलगद निघून कार्बनवर उतरला होता. त्यातला एक मुलगा एरवी 'व्हॉट हॅपन्स व्हेन'मध्ये कायम गटांगळ्या खाणारा.

दोन दिवसांनी विभागप्रमुखांनी बोलावलं. पोर्शनबाहेरचा प्रश्न आल्याची लेखी तक्रार होती, खाली बऱ्याच सह्या. सरांनी पेपर पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या मॉडेल आन्सरवर बोट ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच, सर."

"याला दोन मार्क?"

"शेपटीला एक, टोकाला एक."

सर थोडा वेळ त्या बाणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तक्रारीचं मी बघतो. पण पुढच्या वेळी तीन मार्कांचा ठेवा. दोनला कुणी वाचतसुद्धा नाही."